जरीटोप्याचा पत्ता

माझ्याशी ते पहिलं वाक्य बोलले ते असं : "तुमचे कान कसे आहेत?"

मी कचऱ्याच्या दोन पिशव्या घेऊन इमारतीच्या दारात उभी होते. एका हातात जळणारा कचरा, दुसऱ्या हातात प्लास्टिक, आणि आज कुठली पिशवी टाकायची ते काही केल्या आठवत नव्हतं. टोकियोजवळच्या उरायासुला येऊन आम्हाला जेमतेम तीन आठवडे झाले होते. समोरच्या फुटपाथवर एक मॅनहोल जमिनीतून स्टुलाएवढं वर आलेलं होतं. आदल्या वर्षीच्या मार्चमधल्या भूकंपात इथल्या जमिनीखालचं पाणी आणि वाळू उसळून वर आली, रस्ते खचले आणि मॅनहोल तेवढी उंच उभी राहिली. त्यांतलंच हे एक. नगरपालिकेने त्याच्याभोवती नारिंगी शंकू मांडून ठेवले होते. त्या शंकूंच्या आत, त्या मॅनहोलवर, साठीकडे झुकलेले एक गृहस्थ मांडी घालून बसले होते. अंगात खाकी रेनकोट. पाऊस नव्हता.

"कान?" मी म्हटलं.

"कान. लहानपणी फुटले होते का? हेडफोन लावून गाणी ऐकता का मोठ्याने?"

"नाही. चांगले आहेत."

"मग आत्ता काय ऐकू येतंय ते सांगा. पक्षी सांगा. नावं नकोत, ती येत नसणार. किती आहेत?"

मी ऐकलं. "दोन," म्हटलं. "एक या झाडावर, आणि एक लांब, त्या कालव्याच्या पलीकडे."

ते मॅनहोलवरून खाली उतरले. त्यांचा चेहरा पडल्यासारखा झाला होता. "मला या झाडावरचाच ऐकू आला," ते म्हणाले. "तुम्ही स्वतःशी मराठीत पुटपुटत होतात म्हणून विचारलं. आज प्लास्टिक नाही. जळणारा."

तळमजल्यावर राहणाऱ्या या गृहस्थांना मी पुढे 'सर' म्हणू लागले. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं. मूळचे ठाण्याचे. तरुणपणी जपान सरकारच्या शिष्यवृत्तीवर आले, पक्ष्यांवर डॉक्टरेट केली आणि मग एका जपानी प्राध्यापकांच्या मागे युगांडात गेले. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठच्या दलदलीत, जाऊन येऊन, पंधरा वर्षं काढली. लग्न केलं नव्हतं. का, असं माझ्या नवऱ्याने एकदा अवघडत विचारलं, तेव्हा म्हणाले, "दोनदा ठरत आलं होतं. दोन्ही वेळेला पक्ष्यांच्या विणीचा हंगाम होता."

प्राध्यापक निवृत्त झाल्यावर विद्यापीठातली जागा गेली. तेव्हापासून ते टोकियोतल्या एका छोट्या कंपनीत वर्षावर्षाच्या करारावर होते. कुठे धरण, कुठे रस्ता, कुठे शेतीचा प्रकल्प व्हायचा असला की आधी तिथले पक्षी मोजून अहवाल द्यायचा, हे त्या कंपनीचं काम. करार दर मार्चला संपायचा आणि दर मार्चला त्यांचा व्हिसा त्याच्याबरोबर लोंबकळायचा.

माझं शिक्षण प्राणिशास्त्राचं. पुण्यात दोन वर्षं कॉलेजात शिकवलं होतं. इकडे आल्यावर मुलीला पाळणाघरात सोडायचं आणि संध्याकाळी आणायचं, मधल्या वेळात भाजीवाल्या बाईशी खुणांनी बोलायचं, एवढंच उरलं होतं. त्यामुळे सरांनी आठवड्यातून तीन दिवसांचं आरुबाइतो, म्हणजे अर्धवेळ काम, आहे असं सांगितलं तेव्हा मी पगार न विचारताच हो म्हटलं.

"अगं, पण करायचं काय आहे?" नवऱ्याने विचारलं.

"ऐकायचं आहे."

"काय?"

"दलदल."

खरंच तेवढंच होतं. कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावर एका कोपऱ्यात टेबल, त्यावर कॉम्प्युटर आणि मोठे हेडफोन. युगांडातून वाइस्वा नावाचा माणूस मेमरी कार्डं पाठवायचा. वाइस्वा त्या दलदलीच्या काठच्या गावातला. चटया विणायचा, मासे मारायचा आणि गेली अनेक वर्षं सरांचा मदतनीस होता. दलदलीत आठ जागा ठरवलेल्या होत्या. प्रत्येक जागी पहाटे उभं राहून त्याने दहा मिनिटं आवाज टिपायचे. सुरुवातीला त्याचा स्वतःचा आवाज यायचा, खाकरून : "पॉइंट थ्री. सिक्स टेन. विंड, स्मॉल." मग दहा मिनिटं तो हलायचासुद्धा नाही. मी ते ऐकायचं आणि तक्त्यात लिहायचं : कितव्या मिनिटाला कोण बोललं. तक्त्यात वर एक रकाना होता, 'ऐकणाऱ्याचं नाव'. त्यात मी माझं नाव घालायची.

पहिल्या महिन्यात मला सगळा एकच कालवा वाटला. सर शेजारी खुर्ची ओढून बसत आणि शिकवत. पुस्तक उघडू देत नसत. "चित्र बघाल तर बिघडाल," म्हणत. "पपायरसमध्ये दिसत काही नाही. दोन पुरुष उंच गवत, टोकाला झुपके. इजिप्तवाले त्याचा कागद करायचे तेच. मुळं पाण्यावर तरंगत असतात. आपण उभे राहिलो की पायाखालचं सगळं डुलतं. पक्षी हातभर अंतरावर असतो आणि दिसत नाही. पण सांगतो सगळं."

त्या डुलणाऱ्या जमिनीवर उभं राहण्याची त्यांना इतकी सवय होती की मोठ्या भूकंपाच्या दिवशी ऑफिसातले सगळे टेबलांखाली शिरले, तेव्हा हे खोलीच्या मधोमध पाय फाकवून, गुडघे किंचित वाकवून उभे राहिले होते. कपाटं पडत होती. ही हकिगत मला ऑफिसातल्या तिघांनी वेगवेगळी सांगितली, प्रत्येकाने ती पोझ करून दाखवली. स्वतः सरांना त्यात काही विशेष वाटत नव्हतं. त्यांना विशेष वाटायचं ते उरायासुचं. "ही सगळी जमीन चिखलाचा किनारा होती," ते सांगत. "शिंपले गोळा करणारे कोळी आणि हजारो पाणपक्षी. भर घातली, इमारती उठवल्या. भूकंपात जमिनीला जुना पत्ता आठवला, एवढंच झालं."

पत्ता हा त्यांचा शब्द. 'अधिवास' हा शब्द त्यांना आवडत नसे, सरकारी वाटे. कुठलाही नवा आवाज मी टिपला की त्यांचा पहिला प्रश्न, "याचा पत्ता काय?" मग मी म्हणायची, पपायरसच्या आतला, किंवा काठच्या झुडपातला, किंवा मोकळ्या पाण्यावरचा. नाव नंतर. माणसांच्या बाबतीतही तेच. कोणी नवीन मराठी कुटुंब भेटलं की आडनाव विचारायचे नाहीत, कुठे राहता ते विचारायचे, आणि हिगाशी-कसाई म्हटलं की "खाडीजवळ की स्टेशनजवळ?" असं खोदून विचारायचे. लोकांना वाटे, भाडं किती ते काढून घेताहेत.

त्यांचं एक रिकामपणचं काम होतं. जपानात स्टेशनांवर, जिना कुठे आहे हे अंध माणसांना कळावं म्हणून स्पीकरमधून पक्ष्यांचे आवाज लावलेले असतात. सर ते सहन करू शकत नसत. डिसेंबरच्या थंडीत प्लॅटफॉर्मवर कोकिळेच्या जातीतला पक्षी गाऊ लागला की थांबत, घड्याळ बघत आणि घरी येऊन स्टेशनमास्तरांना पत्र लिहीत, की सदर पक्षी या महिन्यात जपानात नसतो, तो दक्षिणेला गेलेला असतो, तरी ऋतुमानाप्रमाणे आवाज बदलावा. प्रत्येक पत्राला उत्तर यायचं. अत्यंत नम्र, क्षमा मागणारं. आवाज कधीच बदलला नाही. "बघा," उत्तराचा कागद मला दाखवत ते म्हणायचे, "इतकी सुंदर माफी मागतात, की आपल्यालाच लाज वाटावी."

जोडा उलटा धरल्यासारखी चोच असलेला तो उंच, राखाडी पक्षी जपानी लोकांचा फार लाडका. तो युगांडातल्या दलदलींतलाच. सरांनी उभी हयात तिथे काढली म्हटल्यावर प्रत्येक जण त्याच्याबद्दलच विचारायचा. सर वैतागत. ऑफिसच्या आग्रहाखातर एकदा प्राणिसंग्रहालयात जाऊन आले. परत आल्यावर मी विचारलं, कसा होता? "बरा आहे. त्याच्या पायाखाली सिमेंट होतं," एवढंच म्हणाले आणि त्या दिवशी डबा खाल्ला नाही.

त्यांचा जीव होता तो दुसऱ्याच एका पक्ष्यावर. मैनेएवढा असेल. पाठ काळी, पोट लालभडक आणि डोक्यावर सोनेरी पिवळी टोपी. इंग्रजीत त्याला गोनोलेक म्हणतात. मराठीत नाव असण्याचं कारणच नव्हतं, तर सरांनी स्वतःच ठेवलं होतं : जरीटोप्या. हा पपायरस सोडून कुठेच राहत नाही. भाताच्या शेतात नाही, झाडांत नाही, शेजारच्या गवतातही नाही. आणि तो एकटा गात नाही. नर गोल, खालच्या पट्टीत शिट्टी घालतो आणि मादी तिथल्या तिथे खरखरीत, वरच्या पट्टीतला आवाज काढून उत्तर देते. दोन्ही मिळून एक वाक्य. जुन्या टेपा सरांनी मला मुद्दाम ऐकवल्या. शिट्टी आणि खरखर, शिट्टी आणि खरखर. ती गंमत मी घरी नेली. ओट्याशी मी शिट्टी घातली की माझी चार वर्षांची मुलगी बाहेरच्या खोलीतून "टिर्रर्र" करायची. कधी हातातलं टाकून धावत यायची आणि जपानीत बजावायची, "मो इक्काइ!" आणखी एकदा.

पहिल्या वर्षीच्या शरद ऋतूत एका दुपारी सरांनी कपाटातून एक जुना अहवाल काढून माझ्यापुढे ठेवला. त्या दलदलीचा बराचसा भाग आटवून भातशेती करण्याचा प्रकल्प होता, त्याच्या आधीची पाहणी सरांनीच केली होती. एका पानावर पेन्सिलीने खूण होती.

"वाचा. जपानी येत नसेल तर मी सांगतो. 'पक्ष्यांवरील परिणाम किरकोळ. बाधित पक्षी लगतच्या दलदलीत स्थलांतर करतील अशी अपेक्षा आहे.'"

"करतात का सर?"

"जरीटोप्या? त्याला मोकळ्या पाण्यावरून शंभर मीटर उडायला जमत नाही. कुठे जाणार? आणि लगतच्या दलदलीत आधीच कोणीतरी राहत असतं." त्यांनी अहवाल मिटला. "फेब्रुवारीत लिहिलं हे मी. मार्चमध्ये करार होता. कोणी धमकी दिली नाही, कोणी लाच दिली नाही. एक जण फक्त म्हणाला, या परिच्छेदाचा शेवट जरा आशादायक करता येईल का. मी केला."

अहवाल त्यांनी परत कपाटात ठेवला.

प्रकल्पाचा तो पहिला भाग पुरा झालेला होता. आठांपैकी एक ते सहा या जागा आता भातखाचरं झाली होती. वाइस्वा तरीही तिथे जाऊन दहा दहा मिनिटं उभा राहायचा. त्या टेपांत पंपाचा आवाज, गुरं, बायकांच्या हाका, बगळे, करकोचे, सुगरणींचे थवेच्या थवे. मजा अशी, की तक्त्याची बेरीज केली तर पूर्वीपेक्षा जाती जास्त भरत होत्या. मोकळ्या शेतात राहणारे सगळे आले होते. कंपनीतल्या साहेबांनी ते बघून टाळ्या वाजवायच्याच बाकी ठेवल्या. "वाढले की!"  सर माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "गावातली माणसं हाकलून बाजार भरवला, तरी गर्दी वाढतेच."

राहिले होते सात आणि आठ. त्यांतल्या आठवर शांतता. सातवर, नव्या शेताला लागून उरलेल्या पपायरसच्या पट्ट्यात, एक जरीटोप्या बोलत होता.

आता प्रकल्पाचा दुसरा भाग मंजुरीला आला होता, उरलेली दलदलही घ्यायची. त्याआधीचा अहवाल सरांच्या सहीने मार्चअखेर जायचा होता. प्रश्न एकाच वाक्याचा होता. शेताच्या कडेला जरीटोप्याची जोडी टिकून असेल, तर शेती आणि पक्षी एकत्र नांदू शकतात असं म्हणता येत होतं, आणि काम पुढे जायला हरकत नव्हती. नर एकटाच उरला असेल, तर तो मरेपर्यंत ओरडत राहणार आणि विषय संपणार. तसं असेल तर आपण सही करणार नाही, हे सरांनी मला सांगून टाकलं होतं. सही नाही म्हणजे करार नाही, हेही दोघांना ठाऊक होतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी, व्हिसाशिवाय, तळमजल्याच्या त्या भूकंपात किंचित कललेल्या फ्लॅटमधून ते कुठे जाणार होते, मला कळत नव्हतं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात सातव्या जागेची टेप आली. सरांनी आधी स्वतः हेडफोन लावले. डोळे उघडे ठेवून, भिंतीकडे बघत, दहा मिनिटं. मग पुन्हा दहा मिनिटं. मग हेडफोन माझ्या हातात दिले.

"नर मला ऐकू येतोय. स्वच्छ. तिचा आवाज वरच्या पट्टीतला. माझ्या कानांतून ती पट्टी गेलीये, तीन वर्षं झाली. आता हे माझे कान आहेत की ती नाहीये, एवढंच सांगा."

मी ऐकलं. वाइस्वाचं खाकरणं. "पॉइंट सेव्हन. सिक्स ट्वेंटी. विंड, नो विंड." मग किड्यांची दाट किरकिर, लांब पंप. आणि ती गोल शिट्टी. त्यानंतर किरकिर. पुन्हा शिट्टी. किरकिर. एकदा मला वाटलं, किड्यांच्या आत काहीतरी खरखरलं. तो भाग मी मागे नेऊन ऐकला. नव्हतं. पुन्हा ऐकला. असेलही.

वर पाहिलं तर सर माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. रेनकोटाचं बटण दोन बोटांत धरून फिरवत होते. कोणाही वडीलधाऱ्या माणसाने तसं आपल्याकडे बघू नये.

"देते का उत्तर?"

"हो सर," मी म्हटलं. "वाटतंय. देतेय."

"वाटतंय की देतेय?"

"देतेय."

ते खुर्चीतून उठले. खिडकीपर्यंत गेले, परत आले. "मग माझेच कान," म्हणाले. "माझेच कान गेलेत. छान! फार छान झालं." स्वतःचं बहिरेपण पक्कं झालं म्हणून इतका आनंदलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. खाली जाऊन त्यांनी सगळ्या ऑफिससाठी कोपऱ्यावरच्या कोनबिनीतून, त्या बारा महिने चोवीस तास उघड्या दुकानातून, गरम मांसाचे पाव आणले, आणि मी खात नाही म्हणून माझ्यासाठी लाल घेवड्याच्या गोड सारणाचा वेगळा. तो मी खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सांगता आलं असतं. तिसऱ्या दिवशीही. कामाच्या दिवशी सकाळी ट्रेनमध्ये मी वाक्य जुळवायची, 'सर, पुन्हा एकदा ऐकते, नक्की नाही वाटत.' आणि दर वेळी त्यांच्याकडे बघून गप्प बसायची. ते शीळ घालत अहवाल लिहीत होते. खरं सांगायचं तर मी त्यांच्यावर दया करते आहे असं स्वतःला समजावत होते. माझं कामही त्यांच्या करारावर अवलंबून होतं, हे मी मनात मोठ्याने म्हणत नव्हते. त्या आठवड्यात एकदा घरी भांडी घासताना नकळत शिट्टी गेली तोंडून. बाहेरून "टिर्रर्र" आलं. मी मुलीवर ओरडले. तिला कळेना तिचं काय चुकलं.

अहवाल गेला. करार झाला. व्हिसा झाला.

जूनमध्ये ऑफिसातल्या एका तरुण जपानी सहकाऱ्याने आवाजातली किड्यांची किरकिर गाळून टाकणारं नवं सॉफ्टवेअर आणलं. ते कसं चालतं हे दाखवायला त्याने सहज हाताशी आलेली टेप घेतली. सातव्या जागेची, फेब्रुवारीतली. त्या पडद्यावर आवाजाचं चित्र उमटतं. नराच्या शिट्ट्या ओळीने स्वल्पविरामांसारख्या दिसत होत्या. प्रत्येकीच्या पुढे वरच्या पट्टीत मादीची खूण असायला हवी तिथे काही नव्हतं. स्वल्पविराम, कोरी जागा. स्वल्पविराम, कोरी जागा. संपूर्ण दहा मिनिटं.

सर चित्रांवर विश्वास न ठेवणारे. पण त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि शेवटपर्यंत पाहिलं. तो सहकारी उत्साहाने काहीतरी सांगत होता. त्याचं झाल्यावर सर माझ्याकडे वळले.

"तुम्हाला ऐकू आलं होतं?"

"नाही," मी म्हटलं.

"बरं."

बस, एवढंच. मी वाट बघत होते, ते चिडतील, काहीतरी फेकतील. त्यांनी त्या मुलाचे जपानीत आभार मानले, सॉफ्टवेअर उत्तम आहे म्हणाले आणि जागेवर जाऊन पत्र लिहायला बसले. अहवालातलं एक वाक्य चुकीचं आहे, ते मागे घेत आहे, जोडी नाही, नर एकटा आहे. चूक कोणाची, यात माझं नाव घातलं नाही. 'माझ्या श्रवणदोषामुळे' असं लिहिलं.

साहेबांनी पत्र दोन्ही हातांनी घेतलं. खाली वाकून आभार मानले. दुरुस्तीची नोंद पुढल्या आर्थिक वर्षाच्या अहवालात अवश्य घेऊ, असं म्हणाले. काम सुरू झालेलं होतं. सरांनी त्याच महिन्यात राजीनामा दिला आणि स्वतःच्या खर्चाने युगांडाला गेले.

मला पुढे जायला कारण नव्हतं, पण मी ऑफिसात जात राहिले. कोणी मला काही विचारलं नाही.

सप्टेंबरमध्ये त्यांनी घरी बोलावलं. खोक्यांनी खोली भरलेली होती. ते ठाण्याला बहिणीकडे परत चालले होते. बसायला जागा केली, चहा केला, त्यात आलं घालायला विसरले नाहीत. मी कप हातात घेतला आणि गेले तीन महिने पाठ करून ठेवलेलं म्हणायला सुरुवात केली, "सर, मी त्या दिवशी जे..."

"थांबा. आधी मी सांगतो." ते मोठ्याने बोलत होते, बहिरी माणसं बोलतात तसे. "सातवर गेलो. शेत आहे. छान शेत आहे, बांध नीट घातलेत. वाइस्वा सोबत होता. त्याला म्हटलं, तो नर शेवटचा कधी ऐकलास? म्हणाला, मशीन आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पंपाच्या पाइपवर बसला होता. उघड्यावर. वाइस्वा म्हणाला, इतकी वर्षं ऐकला, पण नीट बघितला त्या दिवशी पहिल्यांदा. मग मी विचारलं, लगतची दलदल कुठे आहे? मी लिहिली होती ती. तो हसला. ती त्याच्या मेव्हण्याने खणून काढलीये. प्रकल्प नाही, काही नाही. नुसत्या कुदळीने."

सरांनी चहाचा एक घोट घेतला.

"वाइस्वावर रागवायचं म्हणून गेलो होतो मी, खरं सांगायचं तर. मादी उरली नाही हे सांगायला हवं होतं त्याने. पण त्याच्या घरावर पत्रा आलाय. आधी पपायरसचं छप्पर होतं, गळायचं. मुलगी गावाबाहेरच्या मोठ्या शाळेत जाते. त्याच्या बायकोने जेवायला वाढलं. भात होता. त्याच शेतातला, तिने अभिमानाने सांगितलं, पहिलं पीक, पाहुण्यासाठी ठेवलं होतं." ते थांबले. "मी दोनदा मागून घेतला."

 मग मी माझं वाक्य पुरं केलं. सगळंच सांगितलं, माझ्या नोकरीचंसुद्धा.

"तुम्ही 'नाही' म्हणाला असतात ना," ते म्हणाले, "तरी मी पुन्हा विचारलं असतं. तुम्ही 'हो' म्हणेपर्यंत विचारलं असतं. मला आता ते कळतंय." कप उचलून ते मोरीकडे गेले. पाठमोरे असताना म्हणाले, "पण तुम्ही पहिल्यांदाच 'हो' म्हणालात. ते मला लागलं."

त्यांना विमानतळापर्यंत सोडायला माझा नवरा गेला. मी गेले नाही. पुढच्या दोन दिवाळ्यांना मी मेल पाठवला, एकाचं उत्तर आलं : 'तब्येत बरी. इथे खाडीत भर घालणं चालू आहे. बाहेर जात नाही.' नंतर कधीतरी त्यांच्या बहिणीचा मेल आला, की ते गेले. झोपेत गेले, त्रास झाला नाही, असं तिने लिहिलं होतं.

आम्ही अजून जपानातच आहोत. माझं जपानी आता बरं झालंय आणि मी घरी बसून तांत्रिक भाषांतरं करते. गेल्या वर्षी एका वेगळ्याच कंपनीचा अहवाल इंग्रजीत करायला माझ्याकडे आला. त्याच सरोवराच्या काठची दुसरी दलदल, तसलाच प्रकल्प. चौथ्या प्रकरणात एक परिच्छेद होता : शेतीलगत जरीटोप्याची जोडी टिकून राहते हे पूर्वीच्या पाहणीत प्रत्यक्ष श्रवणाने सिद्ध झालेलं आहे, सबब परिणाम किरकोळ. सरांच्या दुरुस्तीचा कुठे उल्लेख नव्हता. खाली तळटीप होती. त्यात जुन्या अहवालाचं नाव, त्यातल्या तक्त्याचा क्रमांक, आणि ऐकणाऱ्याचं नाव म्हणून माझं नाव.

मी कंपनीला कळवलं. त्यांचं उत्तर त्याच दिवशी आलं. त्यांनी माझे मनःपूर्वक आभार मानले होते आणि भाषांतर मूळ मजकुराप्रमाणेच करावं अशी विनंती केली होती.